डिश सामाईक, मग डक्टमधल्या तारेला वाली कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सामाईक डिशवरचा लेख वाचला. प्रत्येक गॅलरीतून बाहेर डोकावणाऱ्या छत्र्या काढाव्यात आणि साऱ्या इमारतीसाठी गच्चीवर एकच डिश बसवावी, हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. भिंतींना भोकं पडत नाहीत, वादळात कुणाची छत्री कुणाच्या डोक्यावर पडत नाही. पण लेख गच्चीवरच थांबतो. गच्चीवरून डक्टमधून, म्हणजे तारा-पाइप उतरवायच्या इमारतीतल्या उभ्या पोकळीतून, घराघरांत जी तार उतरते तिच्याबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि आमच्या घराला जो मनस्ताप झाला तो सगळा त्या तारेनं दिलेला आहे.

आमच्या इमारतीत सामाईक डिश बसली तेव्हा मल्टिस्विचला, म्हणजे डिशचा सिग्नल घराघरांत वाटणाऱ्या पेटीला, तारा जोडायची जितकी तोंडं होती तितकी घरं जोडली गेली. आम्ही राहायला उशिरा आलो. तोंड शिल्लक नव्हतं. ठेकेदाराच्या माणसानं शेजारच्या घराकडे जाणारी तार डक्टमध्येच कापली, तिथे एका तारेच्या दोन करणारा एक साधा स्प्लिटर लावला, दोन्ही घरांत चित्र दिसतंय एवढं पाहिलं आणि तो गेला.

मग सुरू झालं ते असं. संध्याकाळी आई टीव्ही बघत बसलेली असायची आणि मध्येच पडदा काळा व्हायचा, 'सिग्नल नाही' अशी पाटी यायची. कधी पाच मिनिटांनी परत यायचं, कधी रात्री उशिरा. ठरावीक वाहिन्याच जायच्या, बाकीच्या स्वच्छ दिसायच्या. आईचं वय झालंय, हात थरथरतो. तिची समजूत झाली की आपल्याच हातून भलतं बटण दाबलं जातंय. तक्रारीवरून आलेल्या माणसानंही तिच्या तोंडावर सांगितलं, 'आजी, तुम्हीच काहीतरी दाबता.' त्या दिवसापासून तिनं रिमोटला हात लावणं सोडलं. घरात कुणी असेल तरच ती टीव्ही लावून मागायची, नाहीतर बंद पडद्यासमोर नुसती बसून राहायची. संपादक महोदय, या गोष्टीचा मला अजून राग येतो. तिची काडीचीही चूक नव्हती.

दोष कशात होता ते सविस्तर सांगते, कारण मल्टिस्विच भरल्यावर राहायला आलेल्या कित्येक घरांना हेच भोगावं लागत असणार. उपग्रहाकडून केयू बँडमध्ये, म्हणजे 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झच्या दरम्यान, येणाऱ्या वाहिन्या उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवणांत, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांत, वाटलेल्या असतात. त्या प्रत्येकाचा वारंवारितेचा एक खालचा पट्टा, एक वरचा. झाले चार भाग. नेहमीच्या पद्धतीत घरात येणारी तार एका वेळी यातला एकच भाग आणू शकते. कुठला हवा ते आपला सेट-टॉप बॉक्स त्याच तारेतून वर कळवत असतो. 13 व्होल्ट म्हणजे उभं ध्रुवण, 18 व्होल्ट म्हणजे आडवं. सोबत 22 किलोहर्ट्झचा टोन, म्हणजे तारेतून जाणारा एक खुणेचा संकेत, असेल तर वरचा पट्टा, नसेल तर खालचा. मल्टिस्विचचं काम एवढंच, की प्रत्येक तोंडावरून आलेली मागणी वेगळी ओळखायची आणि त्या तोंडाला तोच भाग द्यायचा. आता एका तोंडावर दोन घरं लटकवली तर काय होणार? ज्याचा व्होल्टेज जास्त त्याचं चालणार. शेजारी आडव्या ध्रुवणातली वाहिनी लागली की 18 व्होल्ट वर जायचे आणि आईची उभ्या ध्रुवणातली वाहिनी तिथल्या तिथे बंद. शेजारी टीव्ही बंद झाला की आमचं चित्र परत हजर.

यात शेजाऱ्यांचा काहीही दोष नाही, हे ठळकपणे लिहिते. त्यांनाही आमच्यामुळे तोच त्रास होत होता आणि त्यांनी तर त्यापायी बॉक्सही बदलून घेतला होता. शेवटी माझ्या भाच्यानं दोन्ही घरांतले टीव्ही एकाच वेळी लावले, एकेक वाहिनी बदलून पाहिली आणि खोट कुठे आहे ते दाखवून दिलं. त्याला कुठलंही उपकरण लागलं नाही. मग आधी येऊन गेलेल्या जाणकारांपैकी एकालाही डक्टचं दार उघडावंसं का वाटलं नाही?

उत्तर सरळ आहे. डक्ट कुणाचाच नाही. कमिटी म्हणते, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, आमची जबाबदारी बॉक्सची. ठेकेदार म्हणतो, मी डिश बसवून दिली, पैसे मिळाले, विषय संपला. मल्टिस्विचच्या कुठल्या तोंडाला कुठलं घर जोडलंय याचा साधा कागद कुणाकडे नव्हता. मोठा मल्टिस्विच लावता येतो. एकाच तारेवर प्रत्येक बॉक्सला स्वतःची वेगळी वारंवारिता देणारी पद्धतही आहे. तिच्या जुन्या प्रकारात एका तारेवर आठ आणि नव्यात बत्तीसपर्यंत बॉक्स चालतात, मात्र बॉक्स त्या पद्धतीचे असावे लागतात. ऑप्टिकल फायबरनं चारही भाग एकदम खाली आणता येतात. हे सगळं बाजारात मिळतं. 'सामाईक व्यवस्था स्वस्त पडते' असं लेखक लिहितात, पण ती बसवताना चार तोंडं जास्तीची ठेवा आणि काम ताब्यात घेण्याआधी प्रत्येक घरातल्या सॉकेटवर सिग्नल मोजून घ्या, हे त्यांनी लिहायला हवं होतं. मीटर लावून 47 ते 77 डीबी मायक्रोव्होल्टच्या (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आत आकडा येतो की नाही एवढंच बघायचं असतं.

पावसात चित्र जातं याचं खापर लेखकानं सामाईक डिशवर फोडलं आहे, तेही मला पटलं नाही. जोराचा पाऊस केयू बँडचा सिग्नल शोषतोच, डिश कुणाचीही असो. उलट सामाईक डिश मोठी घेता येते. व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि पावसाला तोंड द्यायला तेवढी जास्त ताकद मिळते. मात्र डिश मोठी तसा तिचा नेमही काटेकोर लागतो. उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर आहे. गच्चीवरचा एक बोल्ट सैल राहिला तरी साऱ्या इमारतीला त्याची झळ बसते. म्हणून पावसाळ्याआधी बोल्ट आणि उघड्यावरचे कनेक्टर तपासण्याचं काम कुणा एकाच्या नावावर लिहून दिलेलं असावं.

आता एक तक्रार आपल्याबद्दल. याच विषयावर मी पूर्वी पाठवलेल्या पत्रातला व्होल्टेजचा परिच्छेद आपण गाळलात आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीमुळे आमचा टीव्ही बंद पडतो, एवढंच छापलंत. ते वाचून शेजारच्या वहिनी दुखावल्या. मूळ पत्राची प्रत घेऊन मला त्यांच्याकडे जावं लागलं. या वेळी जागा कमी पडली तर पावसाचा भाग खुशाल काढा, पण व्होल्टेजचा परिच्छेद आणि शेजाऱ्यांचा दोष नाही हे वाक्य कृपया जसंच्या तसं छापा.

आपली,
एक नियमित वाचक