गाडीत मुलांना बसवताना – सगळ्यांनी वाचा प्लीज

ग्रुपवरच्या सगळ्या आईबाबांना आणि आजीआजोबांना सुद्धा, सुट्ट्यांमध्ये गाडीने फिरणं वाढतं म्हणून परत एकदा सांगतेय, बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसू नका, जोरात ब्रेक लागला की कितीही घट्ट धरलं तरी हातातून सुटतंच. कार सीट (लहान मुलांसाठीची पट्टे असलेली वेगळी सीट) गाडीच्या मागच्या सीटवरच लावा, आणि निदान २ वर्षांपर्यंत तरी बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, कारण त्या वयात मान नाजूक आणि डोकं जड असतं. पाय दुमडतात म्हणून घाईने सीट फिरवू नका, मुलांना त्याचं काही वाटत नाही, आपल्यालाच वाटतं!

पट्टे लावल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत पकडून बघा, चिमटीत आला तर सैल आहे, अजून ओढा. जाड जॅकेट आधी काढा, हवं तर पट्ट्यांवरून पांघरूण घाला. मोठ्या मुलांना साधारण १४५ सेमी उंची होईपर्यंत बूस्टर (उंच बसवणारी छोटी सीट) लागतो, नाहीतर बेल्ट पोटावर आणि गळ्याशी येतो. आणि हो, सेकंडहॅंड सीट घेताय तर ती अपघातात सापडलेली नाही ना हे विचारा, एक्सपायरी पण बघा, सीटच्या खाली किंवा मागे छापलेली असते.