जर्मनीला एक्सचेंजवर जाणाऱ्यांसाठी सूचना: विषयांची निवड

हिवाळी सत्राला निघालेल्या सर्वांनी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (तिथे कोणते विषय घेणार याचा करार) भरण्याआधी हे वाचावे.

सत्राचा पूर्ण भार ३० ईसीटीएस (युरोपातील विद्यापीठांचे श्रेयांक). एक ईसीटीएस म्हणजे साधारण ३० तासांचे काम, त्यात घरचा अभ्यासही आला. ६ ईसीटीएसचे पाच विषय पुष्कळ झाले. हौसेने सातवा-आठवा घेऊ नका. यादीत मात्र दोन-तीन विषय जादा ठेवा. बरेच विषय फक्त हिवाळी किंवा फक्त उन्हाळी सत्रात असतात आणि सेमिनारला जागा मोजक्याच. शिकवण्याची भाषा मॉड्यूल हँडबुकमध्ये (विषयांच्या माहितीपुस्तिकेत) तपासा. नाव इंग्रजीत असले तरी तास जर्मनमध्ये असू शकतो.

सर्वांत जास्त घोळ परीक्षेच्या नोंदणीत होतो. वर्गाला नाव घातले म्हणजे परीक्षेची नोंद झाली, असे नाही. बहुतेक ठिकाणी ती वेगळी, ठरावीक मुदतीत करावी लागते. मुदत हुकली तर सत्रभर वर्गात बसूनही श्रेयांक मिळत नाहीत.

वेळेपुढे ‘सी. टी.’ असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला.

तिथे विषय बदललात तर इथल्या विभागाची मंजुरी लगेच, लेखी घ्या. परत आल्यावर समतुल्यतेसाठी (तिथले श्रेयांक इथे मान्य करून घेण्यासाठी) धावपळ करून उपयोग होत नाही.