पप्पांनी विचारलं, जेवलास का

कुवेत, शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

आई, दादा, वहिनी,

सगळ्यांना जय ख्रिस्त. वहिनी, हे मी मोबाईलवरच टाईप करतोय, म्हणजे तसा लांबलचक मेसेजच, पण पत्र समजून वाचा. आईचा नवीन चष्मा आला नसेल तर तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि दादा आतल्या खोलीत असेल तर जरा जास्तच मोठ्याने.

फोनवर मला हे जमत नाही. बोलायला गेलं की घसा भरून येतो आणि मग मी उगाच कांद्याचा भाव काय चाललाय विचारतो, आई पण सांगते, आणि दोघांनाही माहीत असतं की कांद्याचं आत्ता काही पडलेलं नाही.

ताईच्या लग्नाचे 3 लाख 80 हजार मी शेअर बाजारात, ऑप्शनमध्ये घालवले त्याला तीन वर्षं होतील. वर खोटं पण बोललो, बँकेत अडकलेत म्हणून. दादाने पतसंस्थेचं कर्ज काढून लग्न लावलं, मी इकडे एसीच्या कामावर आलो, हे तुम्हाला माहीतच आहे. माहीत नसलेलं हे की माझ्या बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर मी सगळे हप्ते लिहून ठेवलेत, तारीख, दिनार, रुपये, पुढे पेनाने बरोबरची खूण. 28 झाले. खूण केली की दोन दिवस बरं वाटतं, मग परत छातीवर दगड. पैसे फिटत आले तरी दगड तेवढाच, जणू मुद्दल तशीच आहे आणि मी नुसतं व्याज भरतोय.

मागच्या उन्हाळ्यात हात मोडला ना, तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की देवाने वसुली सुरू केली. इथे जून ते ऑगस्ट 11 ते 4 उन्हात बाहेरचं काम बंद असतं, सरकारी नियमच आहे, त्यामुळे तसंही पहाटे गच्चीवर चढायचं आणि दहाच्या आत उतरायचं, त्या घाईत शिडीवरून पाय सटकला. दोन महिने ओव्हरटाईम नाही. आणि त्यातच पप्पा गेले, आणि मी आलो नाही. तिकिटाचे पैसे नव्हते हे खरं आहे पण अर्धंच खरं आहे आई, मला मातीला उभं राहायचं तोंड नव्हतं. रूमवर पडून मी पंख्याकडे बघत हिशोब मांडायचो, हे याच्याबद्दल, ते त्याच्याबद्दल. प्रार्थना करायला बसलो तरी पहिलं वाक्य तेच, प्रभू अजून किती बाकी आहे.

आता आजचं सांगतो. इथे शुक्रवार म्हणजे आपला रविवार. सिटीतल्या चर्चच्या कंपाउंडमध्ये सगळ्या भाषांच्या उपासना चालतात, एका हॉलमध्ये मल्याळी, पलीकडे तेलुगू, तिकडे अरबी, एकाचं गाणं दुसऱ्याच्या प्रार्थनेत घुसतं, नगरला आपल्या चर्चमध्ये कुणाचं लेकरू रडलं तरी सगळे मागे वळून बघतात तसलं इथे काही नाही. मी इंग्लिश उपासनेत मागच्या बाकावर असतो. आज लूकचा 15 वा अध्याय निघाला, उधळ्या पुत्राचा दाखला, बापाची मालमत्ता उडवून घरी परत येणाऱ्या धाकट्या पोराचा. मला वाटलं झालं, हे तर संडे स्कूलला नाटकात केलंय, डुकरं राखणाऱ्याचं काम मलाच दिलं होतं आठवतंय का, आईची जुनी चादर गुंडाळून.

पण आज पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. तो पोरगा परत निघताना काय बोलायचं ते पाठ करून निघतो. बाबा मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिली दोन वाक्यं म्हणतो, आणि तिसरं, ते मोलकऱ्याचं, येतच नाही. त्याच्या आत बाप चाकरांना सांगायला लागतो, झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडा घाला. म्हणजे पोरगा पगारावर लागायची बोलणी करायला आला होता आणि बापाने ती बोलणी होऊच दिली नाही. आणि बाप पळत गेला असं लिहिलंय. इथली म्हातारी माणसं पायघोळ दिशदाशा घालतात ती मी रोज बघतो, तसल्या कपड्यात पळायचं म्हणजे दोन्ही हातांनी वर खोचून नडग्या उघड्या टाकूनच पळावं लागणार, वयस्कर माणसाला ते कसं दिसत असेल.

मी तिथेच बसून राहिलो. शेजारचा फिलिपिनो भाऊ गाण्याला उठला, मी उठलोच नाही.

आई, तुला आठवत असेल, पैशाचं खरं काय ते मी पप्पांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा फोन तूच धरला होतास. मी पण आठवडाभर पाठ करून बसलो होतो. मी चुकलो, खोटं बोललो, पै न पै फेडतो, फिटेपर्यंत घरात पाय ठेवणार नाही. मी चुकलो म्हटलं, खोटं बोललो म्हटलं, आणि पप्पा मध्येच म्हणाले, जेवलास का. मी म्हटलं हो. काय खाल्लं? म्हटलं डाळ आणि खुबूस. खुबूस म्हणजे काय रे? आणि मग तू म्हणालीस रेंज जातेय. मला तेव्हा वाटलं पप्पांना ऐकायचंच नाही, एवढे चिडलेत की विषयच नको. इतके दिवस मी तसंच धरून बसलो होतो.

बसमध्ये येताना योहानाचा शेवटचा अध्याय काढला. पेत्राने, प्रभूच्याच शिष्याने, प्रभूला तीनदा ओळखत नाही म्हटलं होतं, आणि प्रभू किनाऱ्यावरून पेत्राला आणि बाकीच्या शिष्यांना पहिलं काय विचारतो, मुलांनो खायला काही आहे का. कोळशावर मासे भाजून ठेवलेत, या, न्याहारी करा म्हणतो. बाकीचं बोलणं खाणं झाल्यावर. आणि पैसे परत करणारा खरं तर यहूदा होता, प्रभूला पकडून देण्यासाठी घेतलेली 30 च्या 30 चांदीची नाणी मंदिरात टाकून आला, एक पण बाकी ठेवलं नाही, आणि जाऊन गळफास घेतला. पेत्राने काही फेडलं नाही, तो फक्त परत आला आणि जेवला. मी कुणाच्या रस्त्याने चाललो होतो ते बघून बसमध्ये अंगावर काटा आला.

पैसे येत राहतील, त्याची काळजी करू नका, पतसंस्थेचं कर्ज दादाच्या नावावर आहे आणि देवाने माफ केलं म्हणून पतसंस्था थोडीच करणार आहे. लोकांना लुबाडणाऱ्या त्या जकातदार जक्कयानेही परत केलेच की, पण प्रभू त्याच्या घरी आधी उतरला, मग त्याने हिशोब काढला. ते मागचं पान फाडलं वगैरे नाही. फक्त आज 29 वा टाकला आणि खूण केली नाही.

दादा, आता तुझ्याशी. पप्पा गेल्यापासून तू माझा फोन उचलला नाहीस. त्या दाखल्यात थोरला भाऊ अंगणात उभा राहतो, आत जात नाही, आणि आम्ही नाटकात त्याला व्हिलन केलं होतं, तोंड वाकडं करून उभा असायचा. पण कर्ज त्याने काढलं, म्हाताऱ्याला दवाखान्यात त्याने नेलं, माती पण त्यानेच दिली. मला अजिबात राग नाही. बाप त्याच्यासाठी पण बाहेर येतो असं लिहिलंय, आणि पुढे तो आत गेला का नाही ते लिहिलेलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी उपासना सुटली की फोन करतो, तिकडचे साधारण तीन वाजलेले असतील. उचललास तर बोलायलाच पाहिजे असं नाही. काय खाल्लं तेवढं सांग.

वहिनी, चिंच गुळाची आमटी करायची कशी ते लिहून पाठवा, इथे चिंच मिळते.

तुमचा धाकटा