प्रोपेलरच्या पात्यावरची एक खाच

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी हवाई वाहतूक

सप्रेम नमस्कार.

लहान विमानांच्या देखभालीत माझी हयात गेली. निवृत्त झालो तरी एक गोष्ट मनातून जात नाही, ती आपल्या कानावर घालतो.

एका फ्लाइंग स्कूलमध्ये कामाला होतो. सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधी प्रोपेलरच्या पात्यावरून नख फिरवत होतो. टोकापासून वीतभर आत, पुढच्या धारेवर नख अडकलं. खडा लागून पडलेली खाच, ज्वारीच्या दाण्याहून लहान, वरून काळा रंग मारलेला. लॉगबुकात, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीत, अवाक्षर नाही. रंग काढून तपासणीचा लाल द्रव लावला, पुसला, पांढरा थर फवारला. खाचेच्या तळातून केसाएवढी लाल रेघ वर आली, म्हणजे तडा. त्या विमानातून वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच एकटा उडणार होता. ते पातं पुन्हा विमानाला लागलं नाही. पण खाच आधी कुणी पाहिली, रंग कुणी फासला, हे कधीच कळलं नाही.

साहेब, इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर तासाला १,४४,००० होतात, हजार तासांत चौदा कोटींच्या वर. प्रत्येक फेऱ्यात पातं थोडं तरी वाकतं. ताण हद्दीत असेल तर पोलाद ते वर्षानुवर्षं सोसतं. पण ही पाती अ‍ॅल्युमिनियमची असतात. अ‍ॅल्युमिनियमला तशी हद्दच नाही. त्यात खाच असली की सगळा ताण तिथेच एकवटतो. पातं बाहेर खेचणारा जोर काही टनांचा असतो. टोक उडालं तर तोल जाऊन इंजिनच निखळू शकतं.

२१ ऑगस्ट १९९५ला अमेरिकेत जॉर्जियातल्या कॅरोल्टनजवळ एम्ब्रेयर १२० हे प्रोपेलरचं प्रवासी विमान कोसळलं. २९ पैकी ९ जण गेले. त्याच्या पात्याच्या पोकळीत गंजाचे खड्डे पडले होते, तिथून तडा सुरू झाला. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) तपासणीत शंका आल्याने ते पातं दुरुस्तीला गेलंही होतं. तिथे ठरवून दिलेल्या पद्धतीप्रमाणेच आतून घासलं आणि परत पाठवलं. घासल्याने खूण गेली, तडा राहिला. हे वाचलं तेव्हा मला तो काळा रंग आठवला.

गोंदिया, धुळे, शिरपूर इथे आपलीच मुलं उडायला शिकतात, कित्येकांच्या घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं. म्हणून मागणं एवढंच: खाच दिसेल त्याच दिवशी ती प्रोपेलरच्या लॉगबुकात चढली पाहिजे. टोकापासून किती अंतरावर, किती खोल, कानस कुणी मारली, सहीसकट. अशी नोंद करणाऱ्याला ‘विमान बसवून ठेवलंस’ म्हणून बोल लागता कामा नये. लपवाछपवी तिथूनच सुरू होते. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) अधिकाऱ्यांनी भेटीत कागदाआधी पात्यावर नख फिरवावं. ओव्हरहॉलचे, म्हणजे प्रोपेलर पूर्ण खोलून दुरुस्त करायचे, तास सगळे मोजतात, वर्षंही मोजली जावीत. पावसाळाभर उभं असलेलं विमान न उडताही गंजतं. आणि आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे हे दाखवणारा, काटा तपासावा. काही प्रोपेलरना ठरावीक वेगात घातक थरथर सुटते, म्हणून तिथे थांबायची मनाई असते. काटाच चुकला तर शिकाऊ मुलगा नकळत तिथेच थांबतो.

पावसाळा संपला की उड्डाणांची गर्दी वाढेल. त्याआधी एवढं झालं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ