कोच निवडण्याआधी त्याला पोरांचा खेळ बघू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या जुन्या फुटबॉल क्लबांच्या पडझडीची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. तशाच एका क्लबचा मी आजीव सभासद. राहायला लालबागला. बँकेत होतो तेव्हा ऑफिसच्या टीमकडून स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू, म्हणून खेळायचो, आता निवृत्त आहे आणि संध्याकाळ मैदानाच्या कडेला जाते. आमचा क्लब सलग दोन हंगाम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, कोचनी राजीनामा दिला आणि येत्या रविवारी कार्यकारिणी नवा कोच ठरवणार आहे. क्लबचं नाव मुद्दाम देत नाही. शहरातल्या बऱ्याच क्लबांवर आज हीच वेळ आहे, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच सांगायचंय.

उमेदवाराचं नाव, त्याची सर्टिफिकेटं, त्याच्या ओळखी हे सगळं मागाहून बघा. आधी त्याला आपली पोरं खेळताना बघू द्या आणि मग विचारा, काय दिसलं? ज्याला काही दिसलं असेल त्याला घ्या. आणि एकदा घेतलात की दोन हंगाम त्याला हलवू नका.

आमच्याकडे तीन नावं चर्चेत आहेत. एक जण राज्याकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांतली राष्ट्रीय स्पर्धा, खेळलेले नामवंत खेळाडू. प्रायोजकांना तेच हवेत, कारण बॅनरवर त्यांचा फोटो शोभेल. दुसरा तिशीतला तरुण, एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं वरच्या पायरीचं ए लायसन्स असलेला. लॅपटॉपवर त्यानं सगळ्यांना छान समजावून सांगितलं, माणूस अभ्यासू आहे यात शंका नाही. तिसरे मानखुर्दकडच्या एका शाळेतले पीटीचे सर. लायसन्स खालच्या पायरीचं, नाव कुणी ऐकलेलं नाही.

या तिघांपैकी आमचा सामना बघायला कुणीही न बोलावता आले ते हे सर. वांद्रे रेक्लमेशनला नेव्हिल डिसोझा मैदानावर दुपारी तीनचा सामना होता. त्या कृत्रिम गवतावर दुपारी उभं राहिलं की बुटातून चटके बसतात. सर खुर्च्यांवर बसले नाहीत, सगळा वेळ आमच्या गोलच्या मागे जाळीपाशी उभे होते, हातात शाळकरी वही. आम्ही ७०व्या मिनिटापर्यंत १-० पुढे होतो आणि १-२ असे हरलो. दोन्ही गोल आमच्या डाव्या बाजूनं झाले. कार्यकारिणीतले दोघे तिथल्या तिथे लेफ्ट बॅकवर, म्हणजे डावीकडच्या बचावपटूवर, घसरले, पोरगा पळतच नाही, काढून टाका. सर त्या मुलाजवळ गेले, पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि विचारलं, “जेवलास कधी?” पोरगा पहाटे तीनला दादरच्या फुलबाजारात हमालीला जातो. सकाळी अकराला एक वडापाव खाल्लेला, त्यानंतर पोटात काही नाही. सरांनी वहीत लिहिलं होतं की हा मुलगा साठाव्या मिनिटापर्यंत मैदानातला सगळ्यात चांगला खेळाडू होता. दुसरी नोंद कॉर्नरबद्दल होती. चेंडू नियर पोस्टला, म्हणजे गोलच्या जवळच्या खांबाकडे, आला की आमचा कीपर पुढे यायचं की नाही या विचारात अडकतो, कारण त्याच्यापुढचा स्टॉपर तोंड उघडत नाही. मी त्या जागेवर खेळलेला माणूस आहे, मला हे चटकन पटलं. “माझा!” किंवा “कीपर!” एवढी एक हाक वेळेवर आली तर वर्षभरात कितीतरी गोल वाचतात, आणि ती हाक मारायला कुणाला तरी शिकवावी लागते.

सरांची अडचणही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. शाळेमुळे त्यांना सकाळची प्रॅक्टिस घेता येणार नाही, आणि संध्याकाळी टर्फचं भाडं जास्त पडतं. शिवाय आमची अर्धी पोरं कामावरून सुटून दिवा, नालासोपारा, गोवंडी अशी घरी जाणारी. रात्री नऊला प्रॅक्टिस संपली तर घरी पोचायला अकरा. हा हिशेब बसवावा लागेल. पण तो बसवता येतो. पोरांकडे बघायची नजर मात्र एखाद्याकडे असते, एखाद्याकडे नसते.

शाळामास्तर काय संघ घडवणार, असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. मुंबईच्याच मैदानावर याचं उत्तर मिळालेलं आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक. त्यांनी घडवलेला हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं आपल्या कूपरेजवर येऊन रोव्हर्स चषक घेऊन गेला. पोरांनी फक्त कमजोर पायानं खेळायचं, अशा स्पर्धा ते भरवत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे हॅट्ट्रिक मारणारे नेव्हिल डिसोझा मुंबईच्या मैदानांवर खेळून मोठे झालेले, ज्यांच्या नावाच्या मैदानावर आज आम्ही हरतो आहोत. पुढे १९६२ला जकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळालं, तेव्हाही कोच रहीमसाहेबच.

आता दुसरा मुद्दा, निवडलेल्या माणसाला वेळ देण्याचा. इथे मला मुंबई एफसीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजच्या मुलांना तो क्लब माहीतसुद्धा नाही.

२००७ साली हा क्लब निघाला, आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, खेळायचा. पैसा बेताचाच. खालिद जमील आधी तिथे खेळाडू होते, २००९पासून कोच झाले आणि २०१६पर्यंत राहिले. त्या काळात क्लबला विजेतेपद मिळालं नाही, पण तो लीगमधून खालीही गेला नाही. आम्ही कूपरेजवर सामने बघायला जायचो तेव्हा आजूबाजूला कुरकुर ऐकू यायची, किती बचावात्मक खेळवतो हा माणूस, गोल कुठायत? २०१६ला क्लब आणि जमील वेगळे झाले. ते मिझोरमला ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात तळाला राहून लीगमधून खाली गेलेला. गोव्याचे क्लब लीग सोडून गेले म्हणून त्याला परत जागा मिळाली, इतकी त्याची अवस्था. आणि २०१६-१७च्या हंगामात त्याच ऐझॉलनं आय-लीग जिंकली! ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबनं देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात आपला जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता, दोघंही मुंबई एफसीकडून खेळून गेलेले.

त्याच हंगामात, त्याच लीगमध्ये, दहा संघांत दहावा कोण आला? मुंबई एफसी. हंगाम संपत आलेला असताना कोच बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. क्लब लीगमधून बाहेर गेला आणि नंतर तो संघच उरला नाही. ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय संघासाठी कोच नेमायची वेळ आली तेव्हा निवड झाली ती याच खालिद जमील यांची.

कोच कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. पण ज्याला काढताय त्यानं काय काय सावरून धरलं होतं, हे काढण्याआधी नीट बघायला हवं. बचावात्मक खेळाला नावं ठेवणं सोपं आहे. दरवर्षी लीगमध्ये टिकून राहणं किती अवघड होतं, ते तो माणूस गेल्यावर कळलं.

कार्यकारिणीतले तरुण सभासद मला मुंबई सिटी या क्लबचा दाखला देतात. तिथे कोच म्हणून पेत्र क्रात्की डिसेंबर २०२३मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना आले आणि ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, चषक घेऊन आले. अगदी खरं. मी तो सामना टीव्हीवर बघितला, शेजारपाजारचे झोपले होते याचं भान न ठेवता ओरडलो. पण त्यांच्याआधीचे कोच डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला निघून गेले तेव्हा त्यांनी मागे ठेवला तो २०२२-२३ची लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याची ढाल, जिंकलेला क्लब. त्याआधीचे कोच सर्जिओ लोबेरांचंही तसंच. २०२०ला ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर गोव्याच्या संघातले मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू, मंदार राव देसाईही आले, आणि पहिल्याच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही मिळाले. आमच्या नव्या कोचला कुणी खेळाडू विकत घेऊन देणार नाही. फुलबाजारातला लेफ्ट बॅक, मुका स्टॉपर आणि बावरलेला कीपर हाच त्याचा संघ. म्हणून तर मी म्हणतो की या पोरांना ओळखणारा माणूस हवा.

मावळत्या कोचनी जाता जाता आपल्या मर्जीतल्या एकाचं नाव सुचवलंय, तेही ऐकू नये असं माझं मत. सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्याइतका मोठा कोच नाही, पण निवृत्त होताना त्यांनी सुचवलेल्या डेव्हिड मॉइस यांच्याशी मँचेस्टर युनायटेडनं केलेला सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत मोडला. फर्ग्युसन स्वतः युनायटेडला नोव्हेंबर १९८६ला आले आणि तिथला त्यांचा पहिला चषक मे १९९०मध्ये मिळाला. मी तर दोनच हंगाम मागतोय.

हे दोन हंगाम लेखी असावेत. तोंडी आश्वासनांचा अनुभव आम्हाला भरपूर आहे. करारात आणखी दोन-तीन गोष्टी याव्यात. मानधन महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळेल. हंगाम संपल्यावर बघू, असं कुणी म्हणणार नाही. संघ कोच निवडेल, प्रायोजक निवडणार नाहीत. गेल्या हंगामात प्रायोजकांच्या ओळखीतला एक मुलगा प्रॅक्टिसला न येता थेट सामन्यात उतरायचा आणि ज्याची जागा त्यानं घेतली तो मुलगा नोव्हेंबरात क्लब सोडून गेला. त्याला परत आणायला मी त्याच्या घरी गेलो होतो. आईनं चहा दिला, मुलगा बाहेर आला नाही. असं पुन्हा झालं तर रहीमसाहेब येऊनही काही करू शकणार नाहीत. आणि तिसरं, सामन्याच्या दिवशी पोरांच्या जेवणाचा खर्च क्लबनं उचलावा. सामन्याआधी तीन तास डाळ-भात, अंडी, केळी, बस्स. नव्या जर्सीवर जेवढे पैसे जातात त्यात हे भागतं.

ए लायसन्सवाल्या तरुणालाही गमावू नये. त्यानं व्हिडिओवर दाखवलेल्या दोन-तीन गोष्टी मला या वयात नव्यानं कळल्या. ज्युनियर मुलांचा संघ त्याच्याकडे द्यावा आणि सरांना वरचं लायसन्स करायला क्लबनं मदत करावी. पण हा माझा कल झाला. कदाचित तो तरुण चार दिवस मैदानावर उभा राहिला तर सरांपेक्षा जास्त बघेल. तशी संधी त्याला आपण दिलेलीच नाही, संतोष ट्रॉफीवाल्यांनाही नाही. एसी लावलेल्या खोलीत वीस मिनिटं बोलायला लावून कोच कळत नाही.

तेव्हा आमच्या कार्यकारिणीला आपल्या पत्रामार्फत माझी विनंती आहे. रविवारची निवड पंधरा दिवस पुढे ढकला. तिघांनाही एकेक सामना दाखवा, दोन-दोन प्रॅक्टिस घ्यायला लावा आणि त्यानंतर तिघांना एकच प्रश्न विचारा, या अकरा जणांचं तुम्ही काय कराल? त्या बैठकीला कॅप्टनला आणि एका ज्युनियर मुलाला बसवा. मत मांडायचा हक्क त्यांनाही द्या, कारण रोज मैदानावर त्यांनाच जायचंय. इतर क्लबांच्या पदाधिकाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांनीही विचार करावा.

आणि आपल्याला एक विनंती. युरोपातल्या कुठल्या क्लबचा मॅनेजर जाणार, कोण येणार, याला आपण पाव पान देता, ते मीही आवडीनं वाचतो. त्याच पानाच्या एका कोपऱ्यात आठवड्यातून एकदा मुंबईच्या खालच्या डिव्हिजनचे निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावं छापता आली तर बघा. आमच्या लेफ्ट बॅकनं अजून आपलं नाव छापलेलं पाहिलेलं नाही.

आपला,
एक आजीव सभासद, लालबाग, मुंबई