कुत्र्याआधी आमची चौकशी करणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचा हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण आमच्या वाडीत तुम्ही डॉक्टरच. पावसाआधी गुरांना घटसर्पाची लस टोचायला येता, अडलेली म्हैस सोडवायला रात्री-अपरात्री येता. कुत्रा कोणता पाळावा हे सांगणं तुमच्या कामात बसत नाही. तरी त्या दिवशी गोठ्यातलं आटोपल्यावर तुम्ही आमच्याकडे बसलात आणि उन्हं कलेपर्यंत बोलत राहिलात. तोंडावर आभार मानायला जावं तर "त्यात काय एवढं" म्हणून गाडीला किक मारता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. शिवाय आता कुत्रा घेऊ पाहणारे लोक आम्हालाच विचारायला लागलेत. त्यांच्याही उपयोगी पडेल.

आमच्या घरात तेव्हा प्रत्येकाचं वेगळं चाललं होतं. लेकीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा होता. ह्यांना कलमांच्या राखणीला अल्सेशियन. आणि सासूबाईंचं एकच पालुपद, "पडवीत रवांदे, रांधपाच्या खोलयेत येता नये." तुम्ही कोणालाच मोडीत काढलं नाहीत. उलट आमचीच चौकशी सुरू केलीत. सकाळी लवकर कोण उठतं, आंब्याच्या हंगामात मार्च ते मे घरात कोण असतं, मुलगी दहावीनंतर शिकायला कुठे जाणार, गणपतीत चाकरमानी किती उतरतात, रस्त्यापासून खळ्यापर्यंत पायऱ्या किती, वादळात लाईट गेली तर परत कधी येते. सोयरीक जुळवायला आलेली माणसंही इतकं विचारत नाहीत. हे हसत होते, पण उत्तरं देता देता आमच्या लक्षात येत गेलं की मुलगी दोन वर्षांत रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला जाणार आणि कुत्रा खरं तर माझा नि सासूबाईंचा होणार.

हस्कीचं तुम्ही लेकीला समजावलंत ते मला फार आवडलं, कारण तिला लहान समजून गप्प नाही केलंत. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी बर्फावर गाडी ओढायला वाढवलेली ही जात. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा दाट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना काय तो थोडा. बाकी तो धापा टाकतो, जिभेवरची ओल उडते आणि अंग निवतं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट की डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो, तिथे त्याची ओल उडणार कशी? "मग केस भादरू या," ती म्हणाली. तर तेच केस उन्हापासूनही आडोसा करतात, आणि एकदा भादरले की पुन्हा धड येतीलच असं नाही, हे तुम्ही सांगितलंत. मग ती पगवर आली. त्याचे केस आखूड, पण नाकाडही आखूड. श्वासाची वाटच अरुंद असली की धापा टाकूनही अंग निवत नाही. कुत्र्यात खोट नाही, म्हणालात, जागा त्याची नव्हे. चार दिवस फुरंगटून होती. पण नंतर स्वतःच मैत्रिणीला हेच सांगताना मी ऐकलं.

अल्सेशियनबद्दल मात्र ह्यांच्याशी तुमची चांगलीच जुंपली. ह्यांचं म्हणणं, माकडं आंबे खाऊन टाकतात आणि गुरखे ठेवले तरी रात्री बागेत कुणीतरी शिरतंच. तुम्ही म्हणालात, माकडं झाडावर आणि कुत्रा खाली, चार दिवसांत त्यांनाही कळतं. चोराचं म्हणाल तर राखणीला भुंकणं पुरतं, आणि ते कुठलाही कुत्रा करतो. राहता राहिला बिबट्या. वरच्या कातळाच्या सड्यावरून तो आपल्या वाडीत उतरतो, हे काही नवीन नाही. रात्री खळ्यात साखळीला बांधलेला कुत्रा, मग तो अल्सेशियन असो नाहीतर आणखी कुणी, त्याला पळताही येत नाही. म्हणजे कुत्रा दिवेलागणीला आत आला पाहिजे. आत म्हणजे सासूबाईंच्या पडवीत. एवढ्या एका गोष्टीवर निम्मी निवड झाली. आकाराने बेताचा, आखूड केसांचा, पावसात भिजला तर जुन्या लुगड्याच्या फडक्याने दोन मिनिटांत कोरडा होणारा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात लांब केसांच्या कुत्र्याची कातडी ओलीच राहते आणि बुरशी धरते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, आता तुम्ही देशी जातींचं गाणं लावाल. हल्ली कारवान, मुधोळ यांचं कौतुक खूप ऐकू येतं, आणि मुधोळचं तर 2005 साली टपाल तिकीटही निघालं. पण तुम्ही तिथेही थांबवलंत. ती सशामागे मोकळ्या माळावर धावायची जात. आमच्या दगडी गडग्यांच्या, पायऱ्यांच्या आगरात ती धावणार कुठे, आणि धावलीच तर शेजारच्या कोंबड्यांमागे. तुमच्या तालुक्याच्या गावातल्या पाहुण्यांना मात्र तुम्ही लॅब्रेडॉरला हो म्हणालात, असं नंतर कळलं. त्यांच्याकडे तळमजला, दोघं निवृत्त, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर फिरणारे. फक्त पिल्लाचे आईबाप डोळ्यांनी बघा, त्यांना कमरेच्या सांध्याचं दुखणं आहे का विचारा आणि खाण्यावर हात आवरा, एवढं बजावलंत. म्हणून तुमच्यावर भरवसा बसतो. तुम्हाला कुठल्याच जातीचा झेंडा मिरवायचा नव्हता.

आम्हाला एका शहरातल्या विक्रेत्याने फोटो पाठवून आगाऊ पैसे मागितले होते, पिल्लू पाच आठवड्यांचं. तो निरोप दाखवला तेव्हा तुमचा चेहरा बदलला. 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते, हे तिथेच कळलं. आणि मग तुम्ही जे सुचवलंत ते आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. पिल्लू कशाला? मोठी कुत्री घ्या. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा अंदाज बांधावा लागतो.

अशी ब्राउनी आली. निम्मी लॅब, निम्मी गावठी, मालक मुंबईला गेल्यामुळे मागे राहिलेली, नसबंदी झालेली. सासूबाई तिला बयो म्हणतात आणि पहिल्या आठवड्यातच रांधपाच्या उंबऱ्यावर तिचं नाक आत, पाय बाहेर असा करार झाला. तो ती पाळते. शिमग्याला पालखी खळ्यात नाचली तेव्हा ढोलाच्या आवाजाने माजघरात माझ्या पायांशी येऊन बसली, पण बिथरली नाही.

तुम्ही कागदावर लिहून दिलेलं मी फळीवर चिकटवलंय. कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं नाहीत. माशाचं डोकं बिनमिठाचं उकडून, काटे काढून. आंब्याचा बाठा तोंडात दिसला की लगेच काढायचा, गिळला तर आतड्यात अडकतो. आंबेवाल्याच्या घरात हे पाळणं किती कठीण ते तुम्हाला माहीत आहे. टोपल्या आता वर टांगलेल्या असतात. कानात आणि पंजांच्या बेचक्यात रोज गोचीड बघते. रेबीजची लस झाली. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) असलेली एकत्रित लसही दिली, कारण आपल्याकडे भातशेतीच्या पाण्यात उंदरांमुळे ती लागण होते, आणि ही बया त्याच पाण्यातून गुरांमागे जाते.

तुम्ही त्या दिवशी अर्धा कप चहावर भागवलंत. घावणे आणि रस तुमच्यासाठी राखून आहेत, यायचं तेवढं करा. आणि येताना आमच्या खालच्या घरातही डोकवा. त्यांनी नातवासाठी पग ठरवलाय, पैसे अजून दिलेले नाहीत. मी सांगून पाहिलं, पण माझं कोण ऐकतो.

तुमची,
देवगड तालुक्यातली एक आंबेवाली