सुन्या, आईबद्दल लिहितोय

प्रिय सुन्या,

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, पोरं मजेत. फोनवर बोललो असतो पण आई शेजारच्याच खोलीत असते, आणि हिला सांगितलं तर ती म्हणते तू फार विचार करतोस. हिनं सांगलीतली आईची मेस बघितलेलीच नाही ना. तू चार वर्षं जेवलायस तिथं, म्हणून तुलाच लिहितोय.

आई खात नाहीये रे. बाबा गेल्यावर इकडं आणली, वाटलं नातवंडांत रमेल. पण आम्ही दोघं कामावर, पोरं शाळेत, दिवसभर ती एकटी, आणि अटलांटाच्या या बाजूला रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. संध्याकाळी येऊन बघावं तर ताट झाकलेलं तसंच. विचारलं की एकच उत्तर, एकटीला घास उतरत नाही. डॉक्टर झाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

तर परवाच्या शुक्रवारी सुट्टी टाकली आणि तिला किनाऱ्याकडच्या सव्हाना शहरात घेऊन गेलो, चार तासांचा रस्ता. तिथं जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्स डायनिंग रूम म्हणून एक जागा आहे. सेमा विल्क्स नावाच्या बाईंनी 1943 मध्ये तिथलं बोर्डिंग हाऊस चालवायला घेतलं, म्हणजे खोल्या भाड्यानं आणि जेवण घरचं. बाई 2002 ला गेल्या, पण घरच्यांनी जेवण चालू ठेवलंय. फक्त दुपारी, बुकिंग नाही, झाडाखाली लाईनीत उभं राहायचं. ओबामा पण 2010 मध्ये येऊन जेवून गेलेत. आत दहा-दहा जणांची टेबलं, ओळख नसलेल्या माणसांबरोबर बसवतात, आणि टेबल वाडग्यांनी भरलेलं. फ्राईड चिकन, चवळी, भेंडी-टोमॅटो, रताळं, भात, मक्याचा ब्रेड. एकानं घ्यायचं, दुसऱ्याकडं सरकवायचं.

आईनं चवळी बघितली आणि माझ्याकडं बघितलं. भेंडी बघितली, परत माझ्याकडं. 'ही आपली भाजी इथं कशी?' इकडच्या दक्षिणेत भाज्यांत डुकराचं मांस घालून शिजवायची जुनी पद्धत आहे, म्हणून मी वाढणाऱ्या बाईंना आधी विचारून घेतलं, त्यांनी कशात आहे कशात नाही ते नीट दाखवलं. आईनं हिरव्या पालेभाजीचं वाडगं हात न लावता पुढं दिलं. बर्फातला गोड चहा एक घोट घेऊन माझ्यासमोर ठेवला, तोंड असं केलं की पाटल्याचा चहा प्यायल्यावर तू करायचास तसं.

आणि मग सुन्या, तिच्याकडं भेंडीचं वाडगं आलं, ते तिनं सरकवलंच नाही. उठून उभी राहिली आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या ताटात वाढायला लागली. मराठीत. 'घ्या हो, लाजू नका.' तो थँक यू मॅम म्हणाला तर अजून एक डाव. पलीकडं अलाबामाचं एक जोडपं होतं, त्यांना पण. सगळ्यांचं वाढून झालं, मग खाली बसली आणि जेवली. चवळी-भात दोनदा, मक्याचा ब्रेड बोटांनी चुरून त्या चवळीत कालवून, वरून केळ्याचं पुडिंग. मला समोर बघवेना. असं जेवताना तिला बाबा असताना बघितलं होतं.

तिथं जेवण झालं की आपली ताटली आपणच किचनमध्ये नेऊन द्यायची. आई दारात थबकली, आत बघत राहिली. मला विचारायला लावलं, दिवसाला किती माणूस जेवतं, भाज्या किती वाजता निवडायला घेता. परतीच्या वाटेवर उकडलेल्या शेंगा मिळाल्या, जॉर्जियात रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा विकतात. त्या सोलत सोलत तिनं चवळीचं परत काढलं. मी सांगितलं, भेंडी, चवळी आफ्रिकेतनं आली, ज्यांना गुलाम करून आणलं त्यांच्याबरोबर. या किनाऱ्यावरची भातशेती त्यांच्याच राबण्यावर चालली, तांदूळ कसा पिकवायचा तेही त्यांच्यातल्या कित्येकांना आधीपासून ठाऊक होतं, आणि मालकांच्या घरच्या चुलीपाशी पण तीच माणसं. एक जानेवारीला इकडं चवळी-भात खातात, वर्ष चांगलं जावं म्हणून. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'म्हणजे स्वयंपाक त्यांचा आणि नाव दुसऱ्याचं.' थोड्या वेळानं म्हणाली, 'मला तिथं कामाला ठेवतील का रे?'

मी हसलो. ती हसली नाही.

शनिवारपासून परत ताट झाकलेलं.

आता सांग काय करू. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने मिळतात, ते संपत आलेत. मी सिटिझन आहे, ग्रीन कार्ड करता येतं, पण मग इथंच राहावं लागतं, वर्षभर सांगलीत जाऊन बसली तर कार्ड धोक्यात. आणि परत पाठवू तर गावभागातल्या त्या घरात एकटी? 2019 च्या पुरात तूच दोघांना होडीतनं काढलंस, तेव्हा बाबा तरी होते. मी इकडं निघालो तेव्हा तू म्हणाला होतास, काकूंना नेऊन कोंडशील. त्यावरनं आपण किती महिने बोललो नाही, पश्याच्या लग्नात पण तू पलीकडच्या पंगतीत बसलास. त्या वाक्याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवतो. पण या घडीला तिच्या मनातलं खरं तुलाच कळेल, मला ती 'तू म्हणशील तसं' एवढंच म्हणते.

माझ्या डोक्यात आलंय ते असं, खालची खोली परत उघडायची, दहा-बारा पोरांपुरती, पोळ्यांना बाई ठेवायची, पैसे मी बघतो. पण सत्तरी उलटलीय तिची. झेपेल का, की परत चुलीपाशी उभी करून मीच तिला थकवेन? तू रोज त्या गल्लीतनं जातोस, आता मेसला पोरं येतील का ते पण बघ, सगळी ॲपवरनं मागवत असतील तर तसं सांग. शेजारच्या वहिनी रात्री सोबतीला येतील का तेही विचार.

वहिनींची बदली झाली का? पिंकीला दहावीच्या शुभेच्छा, तुझ्या गुडघ्याचं काय ते कळव.

फोन रविवारी सकाळी कर, तुमचे साडेसात म्हणजे आमचे शनिवारी रात्रीचे दहा, तेव्हा ती जागी असते. मला नको, थेट तिलाच कर. आणि मेसचं मी सुचवलंय असं बोलू नकोस, तुझं म्हणून विचार.

तुझा,
दिल्या